बारा खटक्यांची केबिन: उतरवणीपासून पुन्हा उभारणीपर्यंत

जुनी सिग्नल केबिन, म्हणजे स्टेशनाचे सिग्नल आणि सांधे हाताने चालवायची खोली, उचलून संग्रहालयात उभी करायची म्हटली की सगळ्यांचं लक्ष आधी इमारतीकडे जातं. दगड किती, क्रेन कुठली, कौलं मिळतील का. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि पहिले पाच महिने त्यातच गेले. काम पूर्ण झाल्यावर सांगतो, सुरुवात लिव्हर फ्रेमच्या, म्हणजे खटक्यांच्या सांगाड्याच्या, खाली असलेल्या लॉकिंगपासून करा. भिंत चुकली तर पुन्हा बांधता येते. कुठला खटका कुठल्या खटक्याला अडवतो याची नोंद हरवली, तर हाती खिडक्यांची एक खोली आणि बारा लोखंडी दांडे एवढंच राहतं.

कोल्हापूर संस्थानाची मिरजेपर्यंतची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, मीटर गेजवर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रॉडगेज झाली. आमची केबिन मिरजेच्या बाजूच्या एका छोट्या स्टेशनाची. खालचा मजला काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, बाहेरून ५.४ बाय ३.६ मीटर, भिंत ४५ सेंटिमीटर जाड. वर सागवानी चौकटी, तीन बाजूंना काचा, त्यावर मंगळुरी कौलं. आत बारा लिव्हरची फ्रेम. लिव्हरचे रंगच स्टेशनाचा नकाशा सांगतात: एक हिरवा म्हणजे वॉर्नर (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा), पाच लाल म्हणजे थांब्याचे सिग्नल, दोन काळे सांध्यांचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांचे), दोन निळे त्या सांध्यांच्या लॉकचे, दोन पांढरे म्हणजे रिकामे. रिकामे दोन आहेत म्हणजे कधीतरी एखादी साइडिंग, बाजूचा रूळ, काढलेली असावी, असा अंदाज रूळ न बघता येतो.

रेल्वेला पहिला अर्ज जून २०२२ मध्ये दिला, एका पानाचा, ‘केबिन मिळावी’ असा. तो दोन महिन्यांनी परत आला. कारण साधं होतं आणि आधी कळायला हवं होतं: इमारत बांधकाम विभागाच्या नोंदवहीत असते, लिव्हर फ्रेम आणि टोकन यंत्र (एकेरी मार्गावर गाडीला परवानगी देणारं) सिग्नल आणि दूरसंचार विभागाच्या. इमारत वेगळी निर्लेखित होते, म्हणजे नोंदवहीतून कमी होते, यंत्र वेगळं. मग दोन अर्ज केले, दोन्हींत एकमेकांचा संदर्भ दिला, सोबत फोटो, संस्थेची नोंदणी, जागेचा उतारा आणि ‘विकणार नाही, लोकांना दाखवू, देखभाल करू’ असं प्रतिज्ञापत्र. ते तेव्हा १०० रुपयांच्या मुद्रांकावर चाललं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्यासाठी ५०० चा लागतो.

संयुक्त पाहणी नोव्हेंबरात झाली. त्या दिवशी दोन्ही विभागांचे लोक एकत्र असतात आणि पुन्हा असे भेटत नाहीत, म्हणून विचारायचं ते सगळं तेव्हाच विचारा. तीन कागदांच्या प्रती मागा: स्टेशन वर्किंग रूल (त्या स्टेशनाची गाड्या चालवण्याची नियमावली), सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन (सिग्नल आणि सांध्यांचा नकाशा), आणि लॉकिंग टेबलसह (कुठला खटका कुठल्याला अडवतो त्याचा तक्ता) डॉग चार्ट. पहिल्या दोन मिळतात. डॉग चार्ट, म्हणजे फ्रेमखालच्या लॉकिंग ट्रेमधला प्रत्येक दात कुठे बसतो त्याचा आराखडा, आम्हाला मिळाला नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

मंजुरीचं पत्र सप्टेंबर २०२३ मध्ये हातात पडलं. पंधरा महिने. आनंदाच्या भरात ते नीट वाचलं नाही. पत्रात ‘लिव्हर फ्रेम, १ नग’ असं होतं. लॉकिंग ट्रे, खालचे क्रँक, रॉड, पुल्या, तारेची चाकं यांचा उल्लेखच नव्हता. सामान बाहेर काढायच्या दिवशी गेटपासवर नाव नाही म्हणून ते तिथेच राहिलं आणि दुरुस्तीच्या पत्राला आणखी २३ दिवस गेले. तुमच्या अर्जातच यादी जोडा, नगांसह, आणि शेवटी ‘सर्व सुट्या भागांसह’ हे शब्द घाला.

उतरवणीचा मुहूर्त जानेवारी २०२४. त्याआधीचे आठ दिवस आम्ही एक दगडही हलवला नाही, केबिनमध्ये बसून लिव्हर ओढत होतो. गंज होता. रॉकेल आणि डिझेल समभाग करून क्वाड्रंटच्या (लिव्हर ज्या कमानीत फिरतो तिच्या) फटीत, कॅच-हँडलच्या (लिव्हर जागी धरणाऱ्या मुठीच्या) पिनांवर, ट्रेच्या खाचांत तीन रात्री सोडलं, तेव्हा बारापैकी दहा हलले. लॉकिंगचं तत्त्व असं: प्रत्येक लिव्हरला ट्रेमध्ये सरकणारी एक पट्टी जोडलेली असते, तिला टॅपेट म्हणतात. टॅपेटच्या कडेला खाचा असतात. लिव्हर ओढला की टॅपेट सरकतो आणि शेजारचा दात आडवा ढकलतो, तो दात दुसऱ्या लिव्हरच्या टॅपेटच्या खाचेत जाऊन बसतो. मग दुसरा लिव्हर कितीही जोर लावा, हलत नाही. लूप लाइनसाठी, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळासाठी, होम सिग्नल (स्टेशनात शिरायचा) द्यायचा तर सांधा त्या बाजूला लागलेला आणि निळ्या लिव्हरने लॉक केलेला हवा, आणि सिग्नल दिला की ते दोन्ही लिव्हर जागच्या जागी अडकतात. वॉर्नर तर मुख्य लाइनचे सगळे सिग्नल दिल्याशिवाय सुटतच नाही. माणूस चुकला तरी लोखंड चुकू देत नाही, हे सगळं त्या हातभर रुंदीच्या ट्रेमध्ये असतं.

म्हणून आम्ही आमचा डॉग चार्ट स्वतः काढला. ट्रेचं झाकण उघडून वरून सरळ फोटो, प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी. मग एकेक लिव्हर नॉर्मलमधून (मूळ जागेतून) रिव्हर्सला (ओढलेल्या जागेत) नेऊन कुठला दात किती मिलिमीटर सरकला ते वहीत. दोन माणसं लागतात, एक ओढणारा, एक ट्रेशी. नंतर प्रत्येक टॅपेटवर आणि दातावर अक्षरांचे ठसे मारले, घासल्या न जाणाऱ्या पृष्ठभागावर. रंगाने लिहू नका, रॉकेलमध्ये पुसून जातं.

दगडांची नोंद त्या मानाने सोपी. चार भिंतींना पू, प, उ, द. खालून वर थरांचे आकडे. थरात डावीकडून उजवीकडे दगडाचा आकडा. ‘द-७-१२’ म्हणजे दक्षिण भिंत, सातवा थर, बारावा दगड. आम्ही पांढऱ्या रंगाने दर्शनी बाजूवर लिहायला लागलो तर मिस्त्रींनी हात धरला: “सायेब, रंग दगडाच्या पोटाला लावा, तोंडाला नगं.” अगदी बरोबर. दगड सुटल्यावर मागच्या बाजूला आकडा घालायचा. तोपर्यंत तोंडावर खडूने. तोंडाचे दगड ७१२ भरले. आतल्या भरीला आकडे घालण्यात अर्थ नाही, पण भिंतीच्या आरपार जाणारे दगड वेगळे रचून ठेवा, त्यांच्याशिवाय दोन्ही तोंडं फुगून सुटतात.

मध्ये कुणीतरी सिमेंटने दरजा भरल्या होत्या. त्याने केलेलं नुकसान उतरवताना दिसलं. सिमेंट दगडाला घट्ट धरतं आणि पाणी आत कोंडून ठेवतं. मागचा चुना मात्र भुसभुशीत झालेला. छन्नीने सिमेंट काढताना ४० हून अधिक दगडांच्या कडा गेल्या. ग्राइंडर वापरायचा मोह होतो. पातं एकदा घसरलं की घडीव दगडावर कायमची रेघ राहते, तेव्हा छन्नी-हातोडाच बरा.

रुळाशेजारी काम करताना तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. वरची २५ हजार व्होल्टची तार चालू असेल तर तिच्या दोन मीटरच्या आत माणूस, शिडी किंवा क्रेनचा हात जाता कामा नये. जावंच लागणार असेल तर पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेची वीज ठरावीक वेळ बंद, मागायचा. जमिनीत खोदायचं तर सिग्नलच्या केबलचा मार्ग त्या विभागाच्या माणसाकडून आखून घ्यायचा, तो समोर असल्याशिवाय जेसीबी चालू करायचा नाही. आणि काम संपताना हत्यारं मोजायची. फ्रेम उचलायला आम्हाला दीड तासाचा ब्लॉक मिळाला आणि त्यासाठी १९ दिवस थांबावं लागलं. छप्पर आणि वरची फळ्यांची जमीन आधीच उतरवून ठेवली होती. सगळे लिव्हर नॉर्मलला आणून पुढून-मागून लोखंडी पट्टी बांधली, टॅपेट तारेने आवळले आणि ट्रेसकट फ्रेम एका तुकड्यात १२ टनी हायड्रा क्रेनने उचलली. वजनकाट्यावर २,१४० किलो भरली. ती हवेत असतानाची चार मिनिटं फार लांब वाटली.

वाहतुकीबद्दल एकच सल्ला. गाडीवरच्या मालाची रुंदी २.६ मीटरच्या वर गेली की वेगळी परवानगी, वेगळा मार्ग, वेगळा खर्च. वरची लाकडी खोली अख्खी नेण्याचा विचार आम्ही त्यासाठीच सोडला आणि चार बाजूंच्या चार चौकटी सुट्या केल्या. दगड-भर मिळून ४०-४५ टन, पाच खेपा. उतरवणी, क्रेन आणि वाहतूक यांवर २ लाख ४० हजार गेले.

कोल्हापुरात जागा निवडताना २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते आधी पाहिलं आणि पंचगंगेच्या पूररेषेबाहेरचाच तुकडा घेतला. महापालिकेच्या परवान्यासाठी आर्किटेक्टचा नकाशा आणि संरचना अभियंत्याचा दाखला लागतो. ‘जुनीच इमारत आहे’ हे म्हणणं चालत नाही. नव्या जागेवर ती नवीन बांधकामच असते. शुल्क, नकाशे आणि विमा धरून ८५ हजार झाले.

पायाला वेळ लागला आणि लागायलाच हवा होता. आमच्या जागेत वरची सव्वा मीटर काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. घराला बारीक तडा गेला तर लिंपता येतो, पण फ्रेम ज्या गर्डरवर बसते ते चार-पाच मिलिमीटर कलले तरी टॅपेट घासायला लागतात. पक्क्या मुरमापर्यंत, म्हणजे १.४ मीटर खाली गेलो. मे २०२४ अखेर पाया जोत्याच्या पातळीला आला, खर्च १ लाख ६० हजार, आणि पावसाळ्यासाठी काम बंद केलं. इथल्या पावसात चुन्याचं काम करायचं नाही. घाई होती, देणगीदार विचारत होते, तरी केलं नाही.

पावसाळ्याचे चार महिने चुना विरवण्यात आणि फ्रेममध्ये गेले. एक टन कळीचा चुना खड्ड्यात विरवला आणि पाण्याखाली ठेवला. कमीत कमी तीन आठवडे लागतात, आमचा तीन महिने मुरला आणि लोण्यासारखा झाला. विरवताना पाणी उकळतं, डोळ्यांना चष्मा आणि हातात लांब दांड्याचं फावडं हवंच. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. वाळू दीड ब्रास लागली. पाण्यात हिरडा आणि गूळ भिजवला, शंभर किलो चुन्याला दोन-दोन किलो. गूळ आपल्याकडे भरपूर म्हणून पहिल्या घाण्याला हात सैल सुटला आणि तो थर आठवडाभर ओलाच राहिला. साखर चुन्याची जुळणी रेंगाळवते. तो थर काढून पुन्हा घातला.

फ्रेमचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत. दोन लिव्हरचे पायाकडचे ओतीव तुकडे तडकलेले होते. बिडाचं वेल्डिंग करून देतो म्हणणारे बरेच भेटतात, पण खेचाखेचीचा भार येणाऱ्या जागी त्या जोडावर भरवसा ठेवू नये. शिरोलीच्या फाउंड्रीत नवे ओतून घेतले. जुना तुकडाच साचा म्हणून वापरला तर ओतकाम थंड होताना आकसतं आणि नग लहान निघतो. बिडाला मीटरमागे साधारण १० मिलिमीटरची सूट ठेवून लाकडी पॅटर्न करावा लागतो, वर मशीनिंगसाठी तीन मिलिमीटर वेगळे. चार नग ओतले, दोन बसवले, दोन राखून ठेवले. नव्या तुकड्यांवर २०२४ असा ठसा मारला, म्हणजे पुढे कुणी जुनं समजणार नाही.

जुना रंग काढताना जपा. खालचे थर शिशाचे असण्याची शक्यता धरूनच चला. ब्लोटॉर्चने जाळू नका, कोरडं घासू नका. पाणी मारून पॉलिश पेपर, तोंडाला चांगला मास्क, खरवड पोत्यात बांधून वेगळी. लिव्हरच्या मुठीला रंग नसतो. ती उघडी पोलादी असते आणि केबिनमन ती फडक्याने धरत, घामाने गंजू नये म्हणून.

इथेच आमची सगळ्यात मोठी चूक झाली. मदतीला आलेल्या मुलांनी दोन टॅपेट एकाच भांड्यात धुतले आणि फिरत्या तारेच्या ब्रशने इतके चकचकीत केले की ठसे गेले. पट्ट्या दिसायला सारख्या, पण प्रत्येकीची झीज आपापल्या दाताशी जुळलेली. अदलाबदल झाल्यावर सातवा लिव्हर अर्ध्यात अडकायचा. कागदोपत्री डॉग चार्ट असता तर खाचांची मापं अर्ध्या तासात ताडता आली असती. आम्ही जानेवारीचे फोटो मोठे करून, खाचांमधलं अंतर पट्टीवर मोजून ओळख पटवली, त्यात नऊ दिवस गेले. एका वेळी एकच टॅपेट बाहेर, तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही, हा नियम तेव्हापासून भिंतीवर लिहिला आहे. आणि ट्रेमध्ये रंग अजिबात नाही, पातळ तेलाचा हात पुरे. रंगाचा एक थर दाताला जाम करायला पुरेसा असतो.

ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात भिंती आणि छप्पर झालं. दिवसाला एकाच थराचं काम, ओळंबा आणि पाणसळ प्रत्येक थराला, वर ओलं गोणपाट तीन आठवडे. कडा गेलेले दगड शक्य तिथे उलटे फिरवून बसवले. दगडकाम आणि चुना ३ लाख ७० हजार. सागवानाचे खालचे आडवे तुकडे वाळवीने पोखरले होते. नवं लाकूड घेण्याऐवजी पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घेतलं. ते वाळून स्थिर झालेलं असतं, फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढा. साधारण ५५० कौलं लागली. जुनी साडेतीनशे धड निघाली, नवी आणताना एक जुनं कौल सोबत नेलं, कारण कारखान्यागणिक खाच वेगळी असते आणि दोन मिलिमीटरच्या फरकानेही पाणी आत येतं. लाकूड आणि छप्पर ३ लाख १० हजार.

बाहेर एक सांधा आणि एक सिग्नल जोडला. सिग्नल खाली पडणाऱ्या हाताचा. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीला वाट मिळाली, हे आपल्या बोलण्यात याच हातामुळे आलं. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा, म्हणजे थांब्याला आला पाहिजे. जोडल्यावर तार मुद्दाम सोडून हे आधी तपासा. दिव्यासमोरची ‘हिरवी’ काच हातात घेतली तर निळसर दिसते. ती चूक नाही, रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीसमोर तीच हिरवी होते. आम्ही आत पांढरा एलईडी लावला तर सिग्नल निळा दिसला. पिवळसर दिवा घातल्यावर रंग बरोबर आला. तारेचं ताणणं-ढिलावणंही ध्यानात घ्या. ६० मीटर तार २० अंशांच्या फरकाला १४ मिलिमीटर वाढते. खऱ्या ३०० मीटरला ती ७२ भरते, म्हणूनच केबिनमध्ये तार जुळवायची सोय असायची. फ्रेम, रॉड आणि सिग्नल मिळून २ लाख १५ हजार.

एकूण १३ लाख ८० हजार. अंदाज ९ लाखांचा होता. तफावतीतला मोठा भाग पाया आणि दगडकामाचा.

शेवटची चाचणी मार्च २०२५ मध्ये. रिकामे दोन सोडून दहा लिव्हर, म्हणजे ४५ जोड्या, प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी: एक ओढून दुसरा हलतो का, मग उलट. ९० नोंदी. एवढ्याने भागत नाही, कारण काही लॉकिंग तिसऱ्या लिव्हरवर अवलंबून असतं. सांधा सरळ असेल तेव्हाच अडवायचं, वळलेला असेल तेव्हा नाही. अशा जोड्या जोडीच्या चाचणीत दिसत नाहीत, स्वतः काढलेला डॉग चार्ट समोर ठेवून वेगळ्या तपासाव्या लागतात. आमच्याकडे अशा तीन निघाल्या, त्यातली एक पहिल्या फेरीत चुकली होती: दात झिजून चार मिलिमीटर आखूड झालेला, जोराने ओढल्यावर लिव्हर सुटत होता. दात बदलला, सगळ्या ९० पुन्हा केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सांधा लावला, लॉक केला, लाल खटका ओढला, आणि बाहेर हात खाली पडला. त्यानंतर काळ्याला हात घातला तर तो जागचा हलला नाही. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आता शाळेची मुलं येतात तेव्हा त्यांना आधी अडकलेला लिव्हर ओढायला देतो, मग सुटणारा. एका वेळी एक मूल, सोबत एक मोठा माणूस, आणि लिव्हरच्या मागे कुणी उभं नाही. कॅच निसटला तर दांडा जोरात मागे येतो. महिन्यातून एकदा पिनांना तेल, पावसाळ्याआधी तार आणि कौलं. दर सहा महिन्यांनी ९० चाचण्या आणि त्या तीन जादा, वहीत तारखेसह.